‘संदर्भ नीट द्या’ हा शेरा तिसऱ्यांदा आला असेल तर

शोधनिबंध परत येतो. समासात एवढंच लिहिलेलं असतं: ‘संदर्भ नीट द्या’. विद्यार्थी संदर्भसूची उघडतो, स्वल्पविराम जागेवर आणतो, पुस्तकांची नावं तिरकी करतो, आडनावं अकारविल्हे लावतो आणि निबंध पुन्हा पाठवतो. काही दिवसांनी तोच शेरा येतो, या वेळी उद्गारचिन्हासह.

असा शेरा लिहिणाऱ्याच्या समोर निबंधांचा गठ्ठा असतो. म्हणून तीन अगदी वेगळ्या बिघाडांसाठी आम्ही तपासणारे एकच वाक्य वापरतो. एक बिघाड मांडणीचा: वर्ष कुठे, कंस कसा, नाव आधी की आडनाव. दुसरा जोडणीचा: मजकुरातलं कुठलं वाक्य कुठून आलं तेच कळत नाही. तिसरा आशयाचा: संदर्भ दिलाय, स्रोत खरा आहे, पण तुम्ही म्हणता ते त्या स्रोतात नाही. विद्यार्थी दर वेळी पहिला बिघाड दुरुस्त करतात, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि त्यासाठी काही वाचावं लागत नाही. तपासणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा खटकलेला असतो. नुसत्या स्वल्पविरामासाठी निबंध परत पाठवणारे लोक आहेत, पण थोडे.

बिघाड कुठला ते आधी ओळखा

दोन चाचण्या करा. पहिली सोपी आहे. संदर्भसूचीतलं एकेक आडनाव उचला आणि ‘शोधा’ची सोय वापरून ते मुख्य मजकुरात कुठे येतं ते पाहा. कुठेच येत नसेल तर ती नोंद अनाथ आहे. मग उलट बाजूने जा: मजकुरातल्या प्रत्येक कंसातलं नाव आणि वर्ष सूचीत आहे का? मजकुरात २०१५ आणि सूचीत २०१६ हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त आढळतो. शिवाय एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख असतील तर वर्षापुढे ‘अ’, ‘ब’ लावलंय का, तेही याच फेरीत बघून घ्या.

दुसरी चाचणी जिवावर येते, पण खरा निकाल तीच देते. मजकुरातली संदर्भ दिलेली कुठलीही पाच वाक्यं निवडा. त्यातही आकडे असलेली आणि ‘अभ्यासातून सिद्ध झाले आहे’ छापाची आधी घ्या. प्रत्येकाचा स्रोत उघडा आणि ज्या ओळीवरून तुम्ही ते वाक्य लिहिलं त्या ओळीवर बोट ठेवा. पाचही सापडल्या तर तुमचा बिघाड मांडणीचा आहे, पुढचा भाग वाचून सुटाल. एखादी जरी सापडली नाही, तर मांडणीला आत्ता हात लावू नका. जे वाक्य कदाचित काढून टाकावं लागेल, त्याचा स्वल्पविराम सुधारण्यात वेळ घालवायचा कशाला?

मांडणी

मांडणी बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन शैलींची किंवा एकाच शैलीच्या दोन आवृत्त्यांची सरमिसळ. जुना निबंध समोर ठेवून त्याबरहुकूम सूची केली की हे हमखास होतं. एपीए ही अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ लिहिण्याची शैली; तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. तिच्यात पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनाचं गाव गेलं, तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून ‘व इतर’ वापरायचा नियम आला आणि डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) हा पूर्ण दुव्याच्या रूपात लिहायचा असं ठरलं. तुमच्या सूचीत अर्ध्या पुस्तकांना गाव असेल आणि अर्ध्यांना नसेल, तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की नोंदी दोन ठिकाणांहून उचलल्या आहेत. एमएलए या भाषा-साहित्यात चालणाऱ्या शैलीमध्ये मजकुरातल्या कंसात आडनाव आणि पान येतं, वर्ष येत नाही. व्हॅन्कुव्हर आणि आयईईई या क्रमांकाच्या शैली आहेत, म्हणजे मजकुरात नावाऐवजी आकडा येतो. तिथे हाताने आकडे टाकले असतील तर मध्ये एक संदर्भ घुसवला की पुढचे सगळे सरकतात.

शैली कुठली हवी ते मार्गदर्शकाला विचारा, आवृत्तीसकट विचारा, आणि एकच नमुना शेवटपर्यंत धरा. याहून जास्त वेळ मांडणीला देऊ नये असं माझं मत आहे.

‘पण मी तर सॉफ्टवेअर वापरलं होतं’

झोटेरो, मेंडेली, एंडनोट ही संदर्भ साठवून त्यांची सूची आपोआप करून देणारी साधनं उत्तम आहेत आणि ती वापरायलाच हवीत. पण त्यांना कळतं ते चौकटीत भरलेलं. एक नेहमीची चूक बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा इंग्रजी अहवाल तुम्ही साठवला. लेखकाच्या जागी संघटनेचं नाव ‘नाव’ आणि ‘आडनाव’ अशा दोन चौकटींत विभागलं गेलं. झालं, तुमच्या सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ नावाचे एक गृहस्थ अवतरले. झोटेरोत लेखकाच्या ओळीशेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबलं की दोन चौकटींची एक होते. संस्थेचं नाव कायम त्या एकाच चौकटीत ठेवा. असले गृहस्थ बऱ्याच निबंधांत भेटतात, आणि एकदा दिसले की विद्यार्थ्याने स्वतःची सूची वाचलेली नाही याची खात्री पटते.

दुसरी अडचण शीर्षकांची. काही संकेतस्थळांवरून इंग्रजी शीर्षक सगळं मोठ्या लिपीत उतरतं, काहींवरून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं. झोटेरोच्या साठ्यात शीर्षक साध्या वाक्यासारखं ठेवावं, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामंच मोठी. ज्या शैलीला सगळ्या शब्दांची अक्षरं मोठी लागतात तिथे साधन ती मोठी करून देतं. उलट दिशेने, मोठ्याचं लहान करणं, त्याला भरवशाने जमत नाही, कारण विशेषनाम कुठलं ते त्याला ठाऊक नसतं.

तिसरी अडचण म्हणजे दुरुस्त केलेली चूक पुन्हा पुन्हा परत येते. तुम्ही वर्डमध्ये तयार झालेला संदर्भ थेट टाइप करून सुधारता, फाईल छान दिसते, दुसऱ्या दिवशी एक नवा संदर्भ घालता आणि जुनी चूक परत हजर. त्या कंसातला मजकूर साठ्यातून भरला जातो, त्यामुळे साधनाने सगळं ताजं केलं की तुमची दुरुस्ती पुसली जाते. हाताने केलेला बदल राखायचा का, असं झोटेरो विचारतं. तिथे ‘हो’ म्हटलं तर तो संदर्भ पुढे कधीच आपोआप बदलणार नाही, मग तीही नवी डोकेदुखी. दुरुस्ती नेहमी साठ्यातल्या मूळ नोंदीत करा. आणि मित्राच्या फाईलमधून संदर्भासकट परिच्छेद चिकटवू नका. त्याच्या साठ्याला जोडलेली नोंद तुमच्या फाईलमध्ये येते, आणि तुमच्या साठ्यात ती नसल्यामुळे तुम्हाला ती दुरुस्त करता येत नाही.

स्रोत खरा, पण तुम्ही वाचलेला नाही

हा बिघाड सगळ्यात महागात पडतो. तुम्ही एक अलीकडचा लेख वाचता. त्यात १९८० सालच्या कुठल्याशा लेखाचा हवाला असतो. तुम्ही तो हवाला तसाच उचलता आणि आपल्या सूचीत १९८० चा लेख लिहिता. सूची भारदस्त दिसते.

याचं टोकाचं उदाहरण खरोखर १९८० सालचंच आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात पोर्टर आणि जिक या दोघांचं पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामकं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींत, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी चारच जणांमध्ये व्यसनाची बऱ्यापैकी पक्की नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. रुग्णालयातल्या देखरेखीखाली दिलेली औषधं आणि घरी महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण पुढे ते पत्र ‘या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं’ याचा सर्वसाधारण पुरावा म्हणून फिरत राहिलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात एक पडताळणी छापली गेली. या पत्राचे ६०८ उल्लेख तपासले, तेव्हा सुमारे ७२ टक्के लेखकांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलेलं आढळलं. ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट जवळपास ८१ टक्के लेखकांनी सांगितलेलीच नव्हती. पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो?

हवाल्यावरून हवाला उचलण्याचा माग काढता येतो, कारण चुकाही सोबत उचलल्या जातात. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये हेच केलं. एका प्रसिद्ध लेखाच्या संदर्भात खंडाचा किंवा पानाचा चुकीचा आकडा किती ठिकाणी अगदी तसाच्या तसा आलाय ते त्यांनी मोजलं, आणि त्यावरून अंदाज बांधला की हवाला देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के मूळ लेख वाचत असावेत. अंदाजाच्या पद्धतीबद्दल वाद घालता येईल. तपासणाऱ्याच्या नजरेला मात्र ही युक्ती चांगली ठाऊक असते: पान क्रमांक दुसऱ्या कुणाच्या लेखातल्या चुकीशी जुळला की संशय पक्का.

यावर दोनच उपाय आहेत. मूळ लेख मिळवून निदान संबंधित भाग वाचा आणि त्याचा संदर्भ द्या. ग्रंथपालाला विचारलं तर न मिळणारे लेखही बऱ्याचदा मिळतात, विद्यार्थी विचारतच नाहीत. मूळ हाती लागलाच नाही, तर तसं उघड लिहा: मजकुरात मूळ लेखकाचं नाव, त्यापुढे ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’, आणि सूचीत तुम्ही प्रत्यक्ष वाचलेल्याच लेखाची नोंद. एपीएचा नियमही हाच आहे. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. मात्र निबंधभर ‘उद्धृत’च दिसायला लागलं, तर मूळ वाचन कमी पडलंय हे समजून घ्या.

शब्द बदलले, वाक्य तेच राहिलं

जोडणीच्या बिघाडाचं मूळ बहुतेकदा इथे असतं. समजा, स्रोतातलं वाक्य असं आहे (हे मी उदाहरणापुरतं रचलंय): ‘रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांना झोप लागायला वेळ लागतो, मात्र त्यांची एकूण झोप कमी होते का, हे सकाळी उठण्याच्या सक्तीवर अवलंबून असते.’

विद्यार्थी लिहितो: ‘रात्री खूप वेळ स्क्रीनपुढे असणाऱ्या मुलांना झोप यायला उशीर होतो, परंतु त्यांची एकंदर झोप घटते का, हे सकाळी उठण्याच्या बंधनावर ठरते.’ आणि वर विचारतो, मी तर सगळे शब्द बदललेत, खाली संदर्भही दिलाय, मग चूक काय? चूक ही की वाक्याचा सांगाडा, स्वल्पविरामासकट, दुसऱ्याचा आहे आणि अवतरणचिन्हं नाहीत. संदर्भ फक्त एवढंच सांगतोय की कल्पना तिथली आहे, शब्द मात्र माझे. तसं ते नाहीत.

आता हे बघा: ‘स्क्रीनचा परिणाम झोप लागण्याच्या वेळेवर दिसतो, पण झोपेचे तास घटतीलच असं नाही, सकाळी लवकर उठावं लागत नसेल तर विद्यार्थी ती भरपाई करू शकतो.’ इथे लिहिणाऱ्याने आशय पचवून स्वतःच्या कामापुरता मांडलाय. जरा बारकाईने पाहिलंत तर शेवटचा भाग, भरपाईचा, मूळ वाक्यात नाही. तो लिहिणाऱ्याने काढलेला अर्थ आहे. मग संदर्भ भरपाईच्या भागाआधी संपायला हवा, किंवा ‘यावरून असं म्हणता येईल’ असे शब्द मध्ये हवेत. संदर्भाचा कंस म्हणजे कुंपण आहे, तुमची जमीन कुठे सुरू होते ते त्याने दिसलं पाहिजे. सात वाक्यांच्या परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकला की हद्दच पुसली जाते. ‘अमुक यांच्या मते’ अशी सुरुवात आणि कंसाने शेवट, अशी जोडी वापरली तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

चांगलं वाक्य लिहायचा माझा भरवशाचा मार्ग म्हणजे स्रोत बंद करून लिहिणं आणि मग उघडून पडताळणं. स्रोत उघडा ठेवून लिहिलं की हात आपोआप त्याच क्रमाने जातो.

इंग्रजी स्रोतावरून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक खास सापळा आहे. भाषांतर केलं म्हणजे मजकूर आपला झाला, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. तसं होत नाही. तुम्ही स्वतः केलेलं भाषांतर एपीए शैली पुनर्कथन मानते, म्हणजे अवतरणचिन्हं नकोत, पण संदर्भ हवाच. पानंच्या पानं सलग भाषांतरित केली असतील, तर प्रत्येक ओळीला संदर्भ देऊनही तो तुमचा निबंध होत नाही.

साम्याची टक्केवारी

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा म्हणजे निकाल नव्हे. तुमची संदर्भसूची इतरांच्या सूचीशी जुळणारच, ठरावीक पारिभाषिक वाक्यरचनाही जुळणारच. त्यामुळे सूची आणि अवतरणं वगळून अहवाल काढा आणि आकड्याऐवजी रंगवलेल्या ओळी वाचा. उलटपक्षी, आकडा कमी आला म्हणून निर्धास्तही राहू नका. भाषांतरित उचलेगिरी अशा अहवालातून सहज निसटू शकते. तपासणाऱ्या माणसाने मूळ लेख वाचलेला असेल तर त्याच्या नजरेतून निसटत नाही.

जन्मालाच न आलेले संदर्भ

चॅटबॉटला विचारून मिळवलेले संदर्भ हा बिघाड नवा आहे आणि झपाट्याने वाढतोय. लेखक खरा असतो, नियतकालिक खरं असतं, शीर्षक पटण्याजोगं असतं, फक्त तो लेख कुणी लिहिलेला नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असेच चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केले. हे निवाडे खरे आहेत ना, असं त्यांच्यापैकी एकाने चॅटबॉटलाच विचारलं होतं आणि त्याने होकार दिला होता. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला.

तपासायची रीत सोपी आहे. डीओआय उघडा. उघडला म्हणून खूश होऊ नका, कारण रचलेल्या संदर्भाला दुसऱ्याच कुठल्या लेखाचा खरा डीओआय चिकटलेला असू शकतो. उघडलेल्या पानावरचं शीर्षक आणि लेखक तुमच्या नोंदीशी शब्द न् शब्द ताडून पाहा. डीओआय नसेल तर नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका काढून पानं जुळतात का ते बघा.

अर्थात भुताटकीचे संदर्भ चॅटबॉटच्या आधीही होते. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखन-नमुन्यात संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी एक काल्पनिक लेख दिलेला होता: शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवर, साल २०००. २०१७ मध्ये हा प्रकार उघडकीस आला तोवर जवळजवळ ४०० लेखांच्या सूचीत तो जाऊन बसला होता. लोकांनी नमुन्याची फाईल वापरली आणि त्यातली नमुन्याची नोंद पुसायला विसरले. तुमच्या विभागाने दिलेली फाईल वापरत असाल तर सूचीचा शेवट एकदा बघाच.

जाता जाता दोन तपासण्या. संकेतस्थळाचा संदर्भ देताना ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याच दिवशी साठवून ठेवा. सहा महिन्यांनी तोंडी परीक्षेच्या वेळी ते पान जागेवर असेलच असं नाही. आणि महत्त्वाचे लेख मागे घेतले गेलेत का ते पाहा. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मागे घेतलेल्या लेखाचा उल्लेख करायला हरकत नाही, पण तो मागे घेतलाय हे सांगून. अशा लेखांवर झोटेरो स्वतःहून इशारा दाखवतं.

बिघाड मुळात होतो कुठे

नोट्समध्ये. वाचताना आवडलेलं वाक्य वहीत किंवा फाईलमध्ये उतरवलं, पान क्रमांक ‘नंतर टाकू’ म्हटलं, आणि तीन आठवड्यांनी ते वाक्य आपलं की त्यांचं हे आठवेना. सूचीवर कितीही मेहनत घेतली तरी हे भरून निघत नाही. त्यामुळे नोट्समध्ये प्रत्येक ओळीपुढे एक खूण ठेवा: ‘अ’ म्हणजे शब्दशः अवतरण, ‘स’ म्हणजे माझ्या शब्दांत सारांश, ‘मी’ म्हणजे माझा विचार. ‘अ’ला अवतरणचिन्हं तिथल्या तिथे घाला. पान क्रमांक ‘अ’ आणि ‘स’ दोघांनाही हवा, ओळ उतरवतानाच. कच्चा मसुदा लिहितानासुद्धा वाक्यापुढे निदान आडनाव आणि पान टाका; कंस आणि स्वल्पविराम मागाहून येतील. खुणा कुठल्याही चालतील, मात्र ‘मी’ची खूण वगळू नका. ती नसली की सगळंच उसनं वाटायला लागतं, आणि घाबरून विद्यार्थी स्वतःच्या निरीक्षणालाही कुणाचा तरी संदर्भ चिकटवतात. तेही चूकच आहे.

निबंध उद्याच द्यायचा असेल तर

तर क्रम असा ठेवा. आधी अवतरणचिन्हांतली सगळी वाक्यं मूळाशी ताडून पाहा, शब्द आणि पान दोन्ही. मग आकडे. मग ‘संशोधकांच्या मते’ अशी, नाव न घेता केलेली विधानं. कुठल्या संशोधकांच्या ते लिहा. मग दोन्ही बाजूंनी सूचीची जुळणी. वेळ उरला तर मांडणी. ज्या वाक्याचा स्रोत सापडत नाही ते काढून टाका. जवळपास जुळणारा दुसरा स्रोत शोधून त्याखाली लावू नका, कारण पकडलं जातं ते नेमकं तेच.

आणि निबंध परत पाठवताना सोबत चार ओळी लिहा: कुठले संदर्भ मूळ स्रोताशी ताडून पाहिले, कुठली विधानं काढली, कुठे ‘उद्धृत’ लिहिलं आणि मूळ का मिळालं नाही. मग तपासणाऱ्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून चाचपावं लागत नाही. आणि काही राहिलंच असेल तर तो या वेळी नुसतं ‘संदर्भ नीट द्या’ असं न लिहिता कुठला संदर्भ ते लिहील.